सान हुआनची मान

देलिसला माणसं आधी ऐकू यायची, मग दिसायची. संशोधन केंद्राच्या लांबलचक व्हरांड्यात कुणी चपला फरपटत येत असेल, तर ती सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलताच पायाने शेजारची खुर्ची पुढे सरकवायची. सुद-सुद, सुद-सुद. आमच्या कापीझ प्रांतात त्या चालीला हेच नाव आहे. पुढे मान, जबडा, कंबर पिळवटायला लागली की त्याच दुखण्याला लुबाग म्हणतात. ओलं फडकं पिळतात ना, तसं. होतं ते पुरुषांना, बहुतेक ऐन कमावत्या वयात. येतं मात्र आईकडून. बाईला सहसा काही होत नाही. ती ते अंगात वागवते आणि मुलाला देते, किंवा देत नाही. निम्म्या वेळा हे, निम्म्या वेळा ते.

देलिसचे वडील लुबागने गेले. बापाला असलं की ते प्रत्येक मुलीत उतरतंच, म्हणजे ते तिच्या अंगात होतंच, त्यात जर-तर काही नव्हतं. आणि तिला एकच मुलगा होता.

पूर्ण नाव डॉक्टर फ्लोरदेलिस बेसाना. ही डॉक्टरकी औषध देण्याची नव्हे, पण लोकांना त्याचं काय. बाजारात कालवं विकणाऱ्या बायका तिला आपले गुडघे दाखवायच्या आणि तीही पिशवी खाली ठेवून वाकून बघायची. तिचं खरं काम मेलेल्या माणसांच्या मेंदूंवर होतं. लुबागने माणूस गेला की घरचे कधीकधी मेंदू केंद्राला देत. ती त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या करायची, त्या रंगवायची आणि कुठल्या पेशी आधी सुकतात, कुठल्या तगून राहतात ते बघत बसायची. सगळ्यात पहिला मेंदू तिने स्वतःच मिळवून दिला होता, तिच्या तातयचा, म्हणजे वडिलांचा. तिची आत्या त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. गावच्या जत्रेत समोर आली तर शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची की काही मुली बापाच्या पायाशी फुलं ठेवतात आणि काही बापाचं डोकं कापून बरणीत ठेवतात. देलिस ऐकून घ्यायची. ते खरंच होतं.

संध्याकाळी ती लाकूड कोरायची. तेही तातयकडूनच आलेलं. तातय ताकियो संतांच्या मूर्ती करायचा. मिरवणुकीतल्या मूर्ती. या मूर्तींचं डोकं आणि हात तेवढे खरे कोरलेले असतात. बाकी अंग म्हणजे आत नुसता पट्ट्यांचा सांगाडा, वरून जरीचा झगा. डोक्याखाली मानेला एक दांडा सोडलेला असतो, तो सांगाड्याच्या खांद्यात बसवायचा. देलिस शाळेत असतानाच तातयने हातांचं काम तिच्यावर सोपवलं होतं. सगळ्या गावात बोलायची पद्धत पडली होती, डोकं ताकियोचं, हात देलिसचे. तातय गेल्यावर डोकी बंद झाली, हात चालू राहिले. जुन्या मूर्तींची बोटं मोडायची, कुणाला आशीर्वादाचा हात हवा असायचा, कुणाला जोडलेले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायची, फणसाच्या पिवळ्या लाकडावर लहान पटाशी चालवायची. घराखालच्या शेडमध्ये तातयचं बाकडं होतं, पण तिथे ती कधी जायची नाही. त्या बाकड्यावरच त्याची शेवटची वर्षं गेली होती, मान खांद्याला टेकलेली, तोंडातून लाळ, हातात मोगरी. तो तिथून उठायलाच तयार नसायचा.

दिवसभर रुग्णांच्या हलत्या, वळत्या, पिळवटलेल्या हातांची चित्रफीत बघून घरी आलं की लाकडाचा हात बरा वाटायचा. ठेवला तसा राहतो.

ही दोन कामं तिच्यात गुण्यागोविंदाने नांदत असतील असं बाहेरून वाटायचं. केंद्रात पाहुणे आले की तिची सहायक मेलडी कौतुकाने सांगायची, आमच्या डॉक सकाळी मेंदू कापतात आणि संध्याकाळी देव. पण एका जत्रेच्या जेवणात या दोन कामांची गाठ पडली आणि नको ते तिच्या नजरेत भरलं.

कुणाच्या तरी घरी ती शेवयांची ताटली घेऊन उभी होती. समोर देवघरात तातयने केलेली सांता रिता. देलिसने ती हजारदा पाहिली असेल. त्या दिवशी तिला दिसलं की रिताची मान डावीकडे किंचित कललेली आहे. पुढच्या घरी सान रोके, तो जरा जास्त कललेला. त्यानंतर ती पर्समध्ये ओळंबा घेऊन हिंडायला लागली. दोरीच्या टोकाला लावलेलं ते पितळी वजन संताच्या नाकासमोर धरायचं आणि नाक दोरीपासून किती सरकलं ते बघायचं. कुठली मूर्ती कुणाच्या लग्नातली, कुणाच्या बाळंतपणाच्या नवसाची, हे घरोघरच्या बायकांना तोंडपाठ होतं. मेलडी म्हणाली, आता डॉकनी संतांची ओपीडी काढलीय, बाहेर बाक टाका.

त्या ओपीडीत निघालं ते हे. तातयची मान वाकडी झालेली लोकांनी पाहिली तेव्हा देलिस कॉलेजात होती. पण मूर्ती कलायला लागल्या होत्या ती अजून दुधाचे दात पडणारी मुलगी होती तेव्हापासून. त्याला जे सरळ वाटत होतं तेच तो कोरत होता. कुणाला, त्याला स्वतःलाही, पत्ता लागण्याआधी कितीतरी वर्षं दुखणं त्याच्या मानेत येऊन बसलं होतं आणि पटाशीतून लाकडात उतरत होतं. गावाने काय केलं? गावाला ती मान आवडली. लोक म्हणायचे, बाकीचे संत समोर बघतात, ताकियोचा संत मान कलवून ऐकून घेतो. लांबच्या गावांहून माणसं यायची आणि सांगायची, आम्हाला ऐकणारा हवा.

देलिसने याची केंद्रात मांडणी केली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बापाच्या मूर्तींवरून शास्त्र होत नाही हे तिलाही माहीत होतं. पण तिच्यापुरतं ते पक्कं झालं. कुठे बघायचं हे तिला आता कळलं होतं, आणि एकदा कळल्यावर न बघणं तिच्या हातात राहिलं नाही.

मुलाचं नाव जोमार. घरात तोतो. बाप जहाजावर, वर्षातून एकदा येणारा. मुलाने तेच करावं म्हणून त्यालाही जहाजाचं शिक्षण दिलं. त्याने परीक्षा पास केली, प्रमाणपत्र आईच्या हातात दिलं, आणि घराखाली जाऊन लोलोच्या, म्हणजे आजोबांच्या, बाकड्यावरची धूळ झटकली. देलिसने नवऱ्याला फोनवर सांगितलं की हा समुद्राला घाबरतो. खरं म्हणजे तिला मनातून बरं वाटलं होतं, मुलगा नजरेसमोर राहील म्हणून. आणि तेच नजरेसमोर राहणं पुढे त्या दोघांना पुरून उरलं.

त्या वर्षी उपासाच्या महिन्यात गावातली म्हातारी मानांग पासिंग आली. हिच्या घराण्याकडे सान हुआनची मूर्ती. शुभ शुक्रवारच्या मिरवणुकीत तो माता मारियाच्या पुढे चालतो. झगा बदलायला कपाट उघडलं तर सान हुआनच्या गालावर बोट टेकताच बोट आत गेलं. वाळवीने डोकं पोखरलं होतं, हातही. म्हातारी ओसरीवर बसून म्हणाली, "इंदाय, पोरी, माझ्या जन्मात कधी सान हुआन चुकला नाही. डोक्याशिवाय का पाठवू त्याला? पोराला सांग की."

तेव्हा जोमारने आपलं पहिलं मोठं डोकं घेतलं आणि देलिसने हात घेतले. तो खाली, ती वर. झाल्याशिवाय बघायचं नाही अशी त्याने अट घातली होती. ठोके ऐकू यायचे, मोगरीचे. ते एकसारखे पडताहेत का, हे ती भात चुलीवर ठेवून ऐकायची. रिझाही यायची कधी, त्याची होणारी बायको, शाळेत शिकवणारी. पायरीवर बसून पेपर तपासायची. लग्न मे महिन्यात ठरलं होतं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चहून आल्यावर जोमारने गोणपाटात गुंडाळलेलं डोकं आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. टेबलाला फळ्यांमध्ये फट होती, तिच्यात त्याने मानेचा दांडा रोवला आणि गोणपाट काढला.

चेहरा फार सुंदर होता. रडून झाल्यावर माणूस जसा गप्प होतो तसा. ओठ किंचित विलग, भुवयांमध्ये न मिटलेली आठी. आणि मान एका बाजूला कललेली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"छान झालाय," देलिस म्हणाली, आणि कढईत काही नसताना कढई ढवळायला वळली.

त्या आठवड्यात ती त्याच्या मागे लागल्यासारखी झाली. वरच्या फळीवरचे डबे त्याच्याकडून काढून घ्यायची, म्हणजे मान मागे नेताना दिसावी. मग ते डबे परत ठेवायला लावायची. जेवताना त्याचा जबडा बघायची. तो पायऱ्या उतरला की चपला ऐकायची. उजवी वाजली, डावी वाजली, डावी जरा उशिरा वाजली का? ती नवीन चपलांची जोडी घेऊन आली, जुनीचा तळ झिजलाय म्हणून, आणि जुनी जोडी उलटी करून तळ कुठल्या बाजूने झिजलाय ते बघत बसली. दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. त्याने तिचं समाधान झालं नाही. तपासताना काही सापडलं नाही की तिला नेहमी वाटायचं आपण चुकीच्या जागी बघतोय.

सोमवारी केंद्रात एक बाई आली, नदीपलीकडून. नवरा खाटेवर, मुलगा विशीतला. असल्या बायका देलिसने पुष्कळ पाहिल्या होत्या. बाईने पदराखालून काढावं तशी पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. आत मुलाच्या डोक्याचे केस. म्हणाली, त्याला न सांगता बघाल का, मला एकटीलाच कळू दे. देलिसने तिला पाणी दिलं आणि नेहमीचं सांगितलं. केंद्राचा नियम तिनेच लिहिलेला होता: कळून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, समजून-उमजून, मोठा झाल्यावर, आईने नाही, बायकोने नाही. बाईने विचारलं, "तुम्हाला पोर आहे का, डॉक?" देलिस म्हणाली, आहे. "मग तुम्ही झोपता कशा?"

ती गेल्यावर देलिस आतल्या खोलीत गेली. तिथे मोठ्या शीतकपाटात नमुने ठेवतात. मागे एकदा केंद्राने निरोगी माणसांचंही रक्त घेतलं होतं, तुलनेसाठी. जोमारने हसत हसत दिलं होतं, अर्जावर ‘निकाल मला कळवायचा नाही’ अशी खूण करून. नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा, पण तो कुठला कप्पा आणि कुठला आकडा हे तिला माहीत होतं. तिने दार उघडलं. थंड वाफ पायांवर उतरली. अर्ध्या दिवसाचं काम. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको.

"काय शोधताय, डॉक?" मागून मेलडीचा आवाज आला.

"काही नाही. बर्फ किती साठलाय बघत होते."

मेलडीने तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "मी काढते बर्फ," ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिनेच दार लावलं. नंतर दिवसभर ती त्या खोलीत काही ना काही काम काढत राहिली. देलिसला राग आला आणि तिचे पाय धरावेसेही वाटले.

बुधवारी मानांग पासिंग डोकं बघायला आली. बघताच तिने दोन्ही हात गालांना लावले. "ताकियोचाच. बघ कसा ऐकतोय. मी म्हटलं नव्हतं, रक्तात असतं ते?"

 देलिस म्हणाली की मान जरा सरळ करायला हवी, मिरवणुकीत वाकडी दिसेल.

"सरळ?" म्हातारी हबकली. "इंदाय, सरळ मानेचे दुकानात मिळतात. हात लावशील तर बघ."

पण ती गेल्यावर देलिसने डोकं उचललं. जोमार रिझाबरोबर तिच्या आईकडे गिनात-आनच्या खिरीसाठी नारळ पोचवायला गेला होता. गुरुवारी सूर्य मावळला की पास्कुआच्या रविवारपर्यंत आमच्याकडे लाकडाला लोखंड लावत नाहीत; खिळा ठोकायचा नाही, सुरी परजायची नाही, देवाला लागतं म्हणून. जे करायचं ते आत्ताच. मानेच्या दांड्याला एका बाजूने थोडं तासलं तर डोकं सरळ उभं राहील, एवढंच तिच्या मनात होतं. ती मान तिला रोज येता-जाता दिसणार होती, मग वर्षानुवर्षं मिरवणुकीत दिसणार होती. ते तिला सोसणार नव्हतं.

दांडा तासायला डोकं घट्ट धरणारं काहीतरी हवं. टेबल चालणार नव्हतं. तेव्हा कितीतरी वर्षांनी ती घराखाली गेली. शेडमध्ये फणसाच्या भुशाचा तोच गोडसर वास. तातयच्या बाकड्याला मधोमध भोक होतं, त्यात दांडा ठोकून बसवायचा आणि मग कोरायचं. तिने दांडा बसवला, मोगरीने दोन ठोके दिले, आणि मागे सरून पाहिलं.

सान हुआनची मान सरळ होती.

तिने डोळे चोळले. डोकं काढलं, परत बसवलं. सरळ. वर टेबलावर कललेलं, इथे सरळ. मग तिने पर्समधला ओळंबा आणला. नाकासमोर धरला तर नाक दोरीवर. बाकड्याच्या कडेला धरला तर बाकडंच तिरकं. ती खाली मातीत गुडघे टेकून बसली आणि एका बाजूचे पाय चाचपले. दोन्ही पायांखाली पाचरी होत्या, काळ्या पडलेल्या, मातीत रुतलेल्या, टणक तुगास लाकडाच्या, नीट तासून केलेल्या. तातयच्या हातच्या.

ती तशीच बसून राहिली. कळायला वेळ लागला नाही. तातयला माहीत होतं. त्याच्या मूर्ती कलताहेत हे लोकांनी कौतुकाने सांगितलं असेल तेव्हा तोही एकदा ओळंबा घेऊन बसला असेल. मग आपल्या वाकड्या मानेला लाकूड सरळ दिसावं म्हणून त्याने बाकडंच वाकडं करून घेतलं, आणि कुणाला बोलला नाही. पाचरी घातल्यावरही मूर्ती कलत राहिल्या, कारण मान पाचरींच्या पुढे निघून गेली. तो त्या बाकड्यावरून उठत का नव्हता, तेही तिला आता उमगलं. जगात ती एकच जागा त्याच्या मापाची उरली होती.

आणि तिचा मुलगा, सरळ मानेचा, त्या तिरक्या बाकड्यावर बसून कोरत होता. म्हणून सान हुआन कलला. दुसरं काही नाही. देलिस हसली, एकटीच, मोठ्याने, आणि मग तोंडावर हात दाबून रडली.

जोमार आला तेव्हा ती एक पाचर अर्धी सैल करून बसली होती.

"तोतो, हे बाकडं तिरकं आहे."

"माहीत आहे. पेन्सिल ठेवली की घरंगळते."

"मग सरळ का नाही केलंस?"

"लोलोने ठेवलंय तसं आहे." त्याने खांदे उडवले. "मला वाटलं तुलाही माहीत असेल."

ती घाईघाईने सांगायला लागली, पाचरींचं, तातयचं, बाकड्यामुळे मान कलल्याचं. शब्द एकमेकांवर पडत होते. मग म्हणाली, या दोन्ही पाचरी काढू, फणसाचा एक तुकडा उरलाय, उद्या सूर्य मावळेपर्यंत वेळ आहे. मुठीएवढं छोटं डोकं कर, घाईत झालं तरी चालेल.

"कशासाठी?"

"सरळ येतं का बघायला."

जोमारने सान हुआनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोण सरळ येतं का? तो, का मी?"

देलिसने हातातली मोगरी मांडीवर ठेवली.

"आठवडाभर मी डबे काढतोय आणि ठेवतोय, नानाय. माझ्या जुन्या चपला तू खिडकीशी धरून बघत होतीस. मला काय कळत नाही?" तो तिच्यासमोर मातीत बसला. आवाज चढला नव्हता. "केंद्रात येणाऱ्या बायांना तू काय सांगतेस? लहानपणी शाळा सुटल्यावर तुझ्या दाराबाहेरच बसायचो मी. पाठ आहे मला."

"त्या वेगळ्या."

"कशा?"

 नदीपलीकडच्या बाईची प्लास्टिकची पुडी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"रिझाला माहीत आहे मी कुणाचा नातू आहे ते. आम्ही बोललोय. पोराचा विचार करू तेव्हा येऊ दोघं केंद्रात. तुझ्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे. तोवर मला नको आहे कळायला."

"तुला नको सांगायला," देलिस म्हणाली. "मला एकटीलाच कळू दे." म्हटल्यावर तिला आपलंच ऐकू आलं.

"तुला कळलं की मला कळणारच. तुझं तोंड तुला झाकता येतं का? रविवारी तू छान झालाय म्हणालीस, आणि मला वाटलं घरात कुणीतरी गेलं." तो थोडा हसला. "कढई रिकामी होती, नानाय."

खाली वाकून त्याने सैल झालेली पाचर बोटाने चाचपली. "आज काढलीस आणि सरळ आलं, तर तू पुढच्या वर्षी परत एक डोकं करायला लावशील. त्याच्या पुढच्या वर्षी परत. मी जन्मभर तुला डोकी करून देऊ का? राहू दे ती. मला तिरकंच बरं. काही आलं वाकडं तर बाकड्याचं आहे म्हणता येईल."

त्याने हात पुढे केला. देलिसने मोगरी दिली नाही. तिनेच ती उचलली आणि पाचर जागच्या जागी ठोकून बसवली. ठोका देताना तिला वाटलं, आपण दार आतून लावून घेतोय आणि किल्ली बाहेर टाकतोय. पण ठोका नीट बसला. हात कोरणाऱ्या बाईचा होता.

गुरुवारी जोमारने सान हुआनला रंग चढवला. डोळ्यांच्या कडा देलिसने लाल केल्या. तिने केलेले दोन्ही हात, एक छातीशी, एक मारियाच्या दिशेने जरा पुढे, सांगाड्याला बसले. सूर्य मावळला तशा गावातल्या सगळ्या पटाशा, कोयते, सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या गेल्या.

शुक्रवारी मानांग पासिंगने त्याला हिरवा झगा आणि तांबडी शाल घातली. रथ निघाला तेव्हा पुढच्या दोराला जोमार होता, नव्या चपला घालून, शेजारी त्याचे वर्गमित्र. बायका मेणबत्त्या घेऊन मागून. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक एकमेकांना सांगत होते, ताकियोच्या नातवाचा, ऐकतोय बघ. देलिसच्या मागे तिची आत्या चालत होती. या वर्षी तिने टोमणा मारला नाही.

जोमारने मागे वळून पाहिलं नाही, आणि देलिसने त्याची मान बघायची नाही असं ठरवलं होतं. तिने नजर रथाच्या चाकांवर ठेवली. कान मात्र तिचं ऐकेनात. ते त्याच्या चपला शोधत होते. पण रथ जड होता, रस्ता चढाचा होता आणि उपासाने सगळे थकलेले. दोर ओढणारे, मेणबत्त्या धरणारे, म्हातारे, मुलं, सगळ्यांच्याच चपला डांबरावर फरपटत होत्या. सुद-सुद, सुद-सुद. त्या एवढ्या आवाजातून एक जोडी वेगळी काढता येईना. ती काढत राहिली, चढ संपेपर्यंत, आणि पुढेही.

"इंदाय," मानांग पासिंग तिच्या कोपराला धरून म्हणाली, "मेणबत्ती कुठे कलतेय बघ. पायावर मेण सांडतंय की तुझ्या."

देलिसने खाली पाहिलं. मेण अंगठ्यावर घट्ट झालं होतं. तिने मेणबत्ती दोन्ही हातांनी धरली आणि चालू लागली.